ब्लॅकबेरी वाळली, तुती लावा

रीलमध्ये कुणीतरी कुंडीतून मूठभर ब्लॅकबेरी तोडतं आणि आपण लगेच रोप मागवतो. मीही मागवलं. मे महिन्यात बीडच्या गच्चीवर त्याची काडी झाली. चूक रोपाची नव्हती. ब्लॅकबेरी थंड मुलखातली, तिला फळ धरायला हिवाळ्यात चांगला गारठा लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 ओलांडतो.

पण काळं, रसाळ, बोटं रंगवणारं फळ हवंच असेल तर ते आपल्याच शिवारात आहे. तुती! जिल्ह्यात रेशीम शेती करणारे भरपूर. पण त्यांची तुती पाल्यासाठी. अळ्यांना पाला हवा, फळाकडे कोण बघतो? (दिसायला सारखी, तरी ही ब्लॅकबेरीची बहीण नाही. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली, तुती वड-अंजिराच्या.)

छाटणीच्या वेळी ओळखीच्या काकांकडून पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या काड्या मागून घ्या. फळ लागणाऱ्या झाडाच्याच घ्या हं, तुतीत नर-मादी झाडं वेगळी असू शकतात आणि नराला फळ नाही. पावसाळ्यात दोन डोळे मातीत जातील अशा खोचा. रुजल्या की मोठ्या कुंडीत किंवा अंगणात. फळ नव्या फुटव्यावर येतं, त्यामुळे छाटायला कचरू नका.

लाल तुती आंबट. पूर्ण काळी होऊन हात लावताच सुटली की खरी गोडी. ती फार टिकत नाही, म्हणून बाजारात क्वचितच दिसते; झाडाखाली उभं राहूनच खायची. फक्त पांढरा शर्ट घालून जाऊ नका. डाग सहज निघत नाही, आईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.