‘के’चं बटण मेलं, तरी ‘क’ उमटतो

लॅपटॉपवरचं ‘के’चं बटण एक दिवस कितीही दाबलं तरी अक्षर उमटेनासं होतं. कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये, ॲक्शन एरियातल्या कुठल्याशा टॉवरमध्ये घरून काम करणारा मराठी माणूस अशा वेळी काय करेल? एक तर चांदनी मार्केट गाठून कीबोर्ड बदलून घेईल, नाही तर बाहेरचा कीबोर्ड जोडून टेबलभर पसारा मांडेल. तिसरा उपाय फुकटात होतो, आणि तो चालतो कसा हे कळलं की आपण थक्क होतो. कारण बटणावर छापलेलं अक्षर निव्वळ शोभेचं असतं!

टाइपरायटरवर तसं नव्हतं. कळ दाबली की ‘क’ कोरलेली दांडी उठून फितीवर आपटायची; दांडी मोडली की ‘क’ संपला. लॅपटॉपच्या बटणाखाली अक्षर नावाला नसतं. तिथे असतात प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर छापलेल्या, वीज वाहून नेणाऱ्या रेघा. बऱ्याच लॅपटॉपांत एका दिशेला ८, दुसऱ्या दिशेला १६. त्या एकमेकींना १२८ जागी छेदतात, म्हणजे ऐंशी-नव्वद बटणांचं काम अवघ्या २४ रेघांवर भागतं. बटण दाबलं की एका ठिकाणी दोन रेघा टेकतात. एक चिप सेकंदाला शेकडो वेळा या सगळ्या जागा तपासत असते. तुमचं बोट टेकून उठेपर्यंत तिच्या कित्येक फेऱ्या झालेल्या असतात. चहा सांडल्यावर एकमेकांपासून लांबची चार बटणं एकदमच का जातात, हे कोडंही इथेच सुटतं. एक रेघ गंजली की तिच्यावरची सगळी बटणं गप्प, आणि रेघा तर बटणांखालून वाटेल तशी वळणं घेत गेलेल्या असतात.

मग चिप पुढे काय पाठवते? एक आकडा. १९८१ साली आयबीएमने पीसी आणला तेव्हा एस्केपला १ दिला आणि पुढे रांगेने मोजत गेले: ‘क्यू’ १६, ‘ए’ ३०, ‘के’ ३७. इतक्या वर्षांनी, विंडोजच्या पोटात ‘के’ अजूनही ३७च आहे! बटण सोडलं की त्यात १२८ मिळवून १६५ जातो. सोडल्याचीही वर्दी जाते, म्हणून तर शिफ्ट अजून दाबून धरलंय हे यंत्राला उमजतं.

टॉवरच्या गेटवरच्या वॉचमनला इंटरकॉमवर फ्लॅटचा नंबर तेवढा दिसतो. तिथे कोण राहतं ते त्याच्या वहीत असतं. वहीतलं नाव बदला, भिंतीला हातही न लावता बिऱ्हाड हललं. संगणकाची अशी वही विंडोज २००० पासून आहे. विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या, म्हणजे रजिस्ट्रीतल्या, या नोंदीला ‘स्कॅनकोड मॅप’ म्हणतात. आपल्याला तिथे इतकंच सांगायचं असतं: ५८ आला, तर ३७ समज. ५८ म्हणजे कॅप्स लॉक. (देवनागरीला कॅपिटल अक्षरंच नाहीत, तेव्हा बळी द्यायला याहून निरुपयोगी बटण कुठलं?) नोंद हाताने लिहायला किचकट आहे, पण शार्पकीजसारखा छोटा प्रोग्रॅम ती करून देतो. लॅपटॉप एकदा रिस्टार्ट केला की कॅप्स लॉक ‘के’ झाला.

खरी कमाल तर पुढेच आहे. या वहीनंतर आणखी एक वही उघडते, भाषेची. आकड्याला अक्षर मिळतं ते तिथे. इंग्रजीत ३७ म्हणजे ‘के’. कीबोर्डची मराठी इनस्क्रिप्ट मांडणी निवडा, तोच ३७ ‘क’ होतो, शिफ्टसकट ‘ख’. बंगाली इनस्क्रिप्ट निवडा, तर त्याच बटणावर बंगाली लिपीतला ‘क’! हा योगायोग नव्हे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट ठरवलं, तेव्हा भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे हे हेरलं. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि एक ध्वनी एकाच बटणावर, लिपी कुठलीही असो. बहुतेक लोक अजून इंग्रजी स्पेलिंग जुळवत मराठी लिहितात, हे मला तरी या कीबोर्डवर अन्यायाचं वाटतं.

म्हणजे पहिल्या वहीत आपण एकच ओळ बदलली, आणि इंग्रजी, मराठी, बंगाली तिन्ही भाषांची अडचण एका फटक्यात मिटली. कंट्रोलबरोबरचे शॉर्टकटही आपोआप चालू! भाषेच्या वहीला आकडा कुठल्या बटणावरून आला याची गंधवार्ताही नसते.

बटण मरण्याऐवजी अडकलं असेल, सारखं ककककक उमटत असेल, तर उपाय याहून सोपा. ३७ समोर शून्य लिहायचं. बटण आकडा पाठवत राहतं, विंडोज तो कानाआड करतं.

एफएन हे बटण मात्र सहसा या युक्तीला दाद देत नाही. बहुतेक लॅपटॉपांत त्याचा निकाल चिपच्याच पातळीवर लागतो, आकडा विंडोजपर्यंत येतच नाही. आणि विंडोज सुरू होण्याआधी बायोसचा पासवर्ड विचारला जात असेल, त्यात ‘के’ असेल, तर बाहेरचा कीबोर्ड शोधायलाच हवा. त्या घटकेला आपली वही अजून उघडलेलीच नसते. कॅप्स लॉक तेव्हा कॅप्स लॉकच असतो.