चादरीवरचा मोर, दिव्यांचा मोर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कोणत्याही घरी गेलो, तरी जाड विणीची सोलापुरी चादर हमखास दिसते. तिच्यावर कधी फुले असतात, कधी वेलबुट्टी, तर कधी मोर. मोराची मान अगदी जवळून पाहिली, तर तिची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. चार पावले मागे सरकलो की तीच कड गोलाकार वाटू लागते. असे का होते, याचा विचार केला तर आजच्या एलईडी दिव्यांच्या पाट्यांचे एक महत्त्वाचे गणित आपल्याला समजते.

समजा, एका शाळेतील मुलांना स्नेहसंमेलनासाठी असाच मोर रंगीत दिव्यांत काढायचा आहे. त्यासाठी डब्ल्यूएस २८१२ या जातीचे एलईडी सहज मिळतात. अशा प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन छोटे दिवे असतात. प्रत्येकाची तीव्रता ० ते २५५ या आकड्यांनी ठरते. एका आकड्याला १ बाइट, म्हणजे ८ बिट जागा लागते. म्हणून एका दिव्याला ३ बाइट, अर्थात २४ बिट. या तीन आकड्यांतून १,६७,७७,२१६ रंगछटा तयार होऊ शकतात.

दिवे चालवायला मुले अर्डुइनो युनो आर-३ हा छोटा नियंत्रक घेतात. त्याची कामचलाऊ स्मृती फक्त २०४८ बाइट असते. १६ बाय १६ ची पाटी केली तर दिवे २५६ आणि लागणारी जागा ७६८ बाइट. मोर दिसतो, पण जरा ओबडधोबड. मग हौसेने ३२ बाय ३२ ची पाटी करतात. बाजू दुप्पट झाली, पण दिवे मात्र चौपट, म्हणजे १०२४ झाले. जागा हवी ३०७२ बाइट. ती नियंत्रकात नाहीच! अशा वेळी दिवे वेडेवाकडे लागतात किंवा लागतच नाहीत. मुले तारा तपासतात, दिवे बदलतात आणि त्यात पैसे व दिवस दोन्ही जातात. वास्तविक चूक जोडणीत नसते, गुणाकार आधी न केल्याची असते.

वेळेचा हिशेब

स्मृतीइतकीच वेळही मोजावी लागते. हे दिवे माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. पहिला दिवा आपले २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेले पुढे पाठवतो. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद. १०२४ दिव्यांना सुमारे ३१ मिलिसेकंद लागतील. सेकंदाला जेमतेम ३२ चित्रे बदलता येतील. पिसारा फुलताना दाखवायला ती पुरेशी आहेत. पण ६४ बाय ६४ च्या पाटीला सुमारे १२३ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ८ चित्रे! मोर फुलण्याऐवजी झटके देत हलेल.

मागाने शिकवलेली युक्ती

ही अडचण विणकरांना जुनीच आहे. जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ साली मागासाठी जी यंत्रणा तयार केली, तिच्यात नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकांनी लिहिलेली असते. एका आडव्या धाग्यासाठी एक पत्ता. भोक असेल तिथला हूक उचलला जातो आणि त्याला बांधलेले उभे धागे वर येतात. भोक नसेल तिथले खालीच राहतात. भोक आहे किंवा नाही, म्हणजे आजच्या भाषेत १ किंवा ०. मोर दुप्पट बारीक विणायचा तर हूक दुप्पट, पत्तेही दुप्पट. भोकांच्या जागा चौपट. दिव्यांचेही नेमके हेच झाले होते.

विणकर यातून वाट काढतो. तो एकाच हुकाला चादरीच्या रुंदीत ठिकठिकाणचे धागे बांधतो, म्हणजे एकच मोर ओळीने अनेकदा उमटतो. पत्त्यांची माळ फिरून पुन्हा पहिल्या पत्त्यावर येते, म्हणजे लांबीतही तीच नक्षी परत येते. शिवाय तो मोजकेच रंग वापरतो.

आपणही तसेच करू. मोराला १६ रंग पुरे. मग दर दिव्यामागे पूर्ण रंग न लिहिता फक्त रंगाचा क्रमांक लिहायचा. त्याला ४ बिट पुरतात. १०२४ दिव्यांना ५१२ बाइट आणि रंगांच्या तक्त्याला ४८ बाइट, मिळून ५६० बाइट. समोरून दिसणाऱ्या मोराच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून अर्धेच चित्र साठवले तर ३०४ बाइटांत काम भागते! मात्र तयार प्रोग्रॅम बहुधा दर दिव्याला ३ बाइट राखून ठेवतात. त्यामुळे तक्त्यातून रंग काढून पाठवण्याचा भाग मुलांनी स्वतः लिहावा लागतो. हेही ध्यानात ठेवावे की या युक्तीने जागा वाचते, वेळ वाचत नाही. दिव्याकडे जाताना २४ बिटच जातात. वेळ वाचवायचा तर माळेचे चार तुकडे करून चारही एकाच वेळी चालवू शकेल असा मोठा नियंत्रक घ्यावा लागतो.

किती बारकावा पुरे?

याचे उत्तर शेवटी पाहणाऱ्याचा डोळा देतो. निरोगी डोळ्याला साधारण १ कलेएवढ्या, म्हणजे १ अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे दिसतात. अंतराला सुमारे ३४०० ने भागले की ही मर्यादा मिळते. ३४ मीटरवरून १ सेंटिमीटरहून जवळचे ठिपके एकच वाटतात. सगळे प्रेक्षक त्याहून दूर बसणार असतील, तर दिवे आणखी दाट लावणे हा नुसता खर्च.

दिवे विकत घेण्याआधी वर्गात एक प्रयोग करावा. १६ सेंटिमीटर बाजूचे दोन चौरस कागद घ्यावेत. एकावर १ सेंटिमीटरचे चौकोन आखावेत, दुसऱ्यावर अर्ध्या सेंटिमीटरचे. दोन्हींवर एकच मोर चार रंगांत, चौकोन पूर्ण भरून रंगवावा. मग कागद मैदानाच्या टोकाला लावून ५, १७ आणि ३४ मीटरवरून पाहावेत. कोणत्या अंतरावर दोन्ही मोर सारखे वाटतात, हे मुलांनी नोंदवावे. चार रंगांचा क्रमांक लिहायला किती बिट लागतील आणि प्रत्येक मोराला किती बाइट, हेही त्यांनाच काढू द्यावे. पाटी केवढी करायची, ते त्या नोंदी पाहून ठरवावे.