जुन्या बेलच्या वायरवर व्हिडिओ डोअरबेल: आधी व्होल्टेज बघा, मग स्क्रू काढा

दुबई, कुवेत, दोहा किंवा अमेरिकेहून सुट्टीवर येणाऱ्या मुलांच्या बॅगेत हल्ली चॉकलेट आणि अत्तराच्या जोडीला आणखी एक डबा असतो, व्हिडिओ डोअरबेलचा. गावी अम्मी-अब्बा दोघेच असतात. मुंब्रा-भिवंडीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बायकामुलंच घरी, पुरुष कामावर, जुम्याला मशिदीत. दाराशी कोण आलंय ते दार न उघडता दिसावं, आतूनच बोलता यावं, हा हेतू अगदी रास्त आहे. पार्सलवाला येतो, गॅसवाला येतो, रमजानमध्ये चंद्याच्या पावत्या घेऊन येणारे असतात. त्यात खरा कोण आणि घर न्याहाळायला आलेला कोण, हे जाळीच्या दारामागून ठरवणं घरातल्या बाईला सोपं नसतं.

अडचण पुढे येते. डब्यावर लिहिलेलं असतं की घरातल्या जुन्या बेलच्या दोन वायरींवरच ही बेल चालते, थोड्या वेळाचं काम आहे. घरातला कुणी उत्साही मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेरचं बटण उघडतो. आत दोन वायरी. डब्यातल्या चित्रातही दोनच वायरी. लावून टाकू, असं वाटतं. आणि नेमकं इथेच थांबायचं असतं.

का, ते समजून घेऊ. अमेरिकेतल्या घरांत बेलसाठी एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. तो तिथल्या १२० व्होल्टचे साधारण १६ व्होल्ट करतो आणि बाहेरच्या बटणापर्यंत तेवढीच वीज जाते. इंग्लंडमध्ये ८ व्होल्टच्या बेल सर्रास दिसतात. या देशांसाठी बनवलेल्या वायरवाल्या डोअरबेल त्याच हिशेबाने बनतात. उदाहरणार्थ गुगलची नेस्ट डोअरबेल, वायरवाली, १६ ते २४ व्होल्ट एसी मागते. आपल्याकडे तसं नाही. आपल्या घरात बेलच्या बटणात थेट २३० व्होल्ट असतात. फेज बटणात येतो, बटण दाबलं की तिथून आतल्या बेलला जातो, बेलमधून न्यूट्रल. पंख्याचं बटण आणि बेलचं बटण यात विजेच्या दृष्टीने काहीच फरक नाही; एक दाबून ठेवावं लागतं, एवढंच. म्हणजे त्या दोन वायरींवर परदेशी डोअरबेल जोडली तर ती तर जळतेच, पण पावसाळ्यात ओल्या हाताने तिला हात लावणाऱ्याचं काय होईल, याचा विचारही करवत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे डब्यातली बारीक अक्षरं वाचणं. डोअरबेलच्या मागे किंवा डब्यावर 'इनपुट' म्हणून आकडा असतो. तिथे १६–२४ व्होल्ट एसी असेल तर ट्रान्सफॉर्मर लागणार. ५ किंवा १२ व्होल्ट डीसी असेल तर अ‍ॅडॅप्टर लागणार, आणि मग प्लस-मायनस सांभाळायला लागणार. १००–२४० व्होल्ट एसी लिहिलं असेल तरच ती थेट घरच्या विजेवर चालणारी आहे. तरीही तिला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात, आणि आपल्या बटणाच्या बॉक्समध्ये बहुतेक वेळा न्यूट्रल नसतोच. दोन वायरी दिसतात म्हणजे फेज आणि न्यूट्रल, हा समज चुकीचा आहे. त्यातली एक फेज, दुसरी बेलकडे परत जाणारी.

चौथा प्रकार बॅटरीवाला. त्याला वायर लागत नाही, दोन स्क्रूंत काम होतं. भाड्याचं घर असेल, किंवा भिंतीतली जुनी वायरिंग कशी आहे हे कुणालाच ठाऊक नसेल, तर आमच्या मते सरळ बॅटरीवाली घ्यावी आणि पुढचा सगळा खटाटोप टाळावा. मात्र काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बॅटरी काढून चार्ज करावी लागते. गावी सत्तरीतले अब्बा स्टुलावर चढून ती काढणार आहेत का, हा प्रश्न आधी विचारा. उत्तर नाही असेल तर वायरवालीच बरी.

आता जुनी वायर वापरायची कशी ते पाहू. इथे वायरमनच लागेल, परवानाधारक असेल तर उत्तम. पण त्याला काय सांगायचं हे घरच्यांना माहीत हवं, कारण पुष्कळ वायरमनांनीही हे काम पूर्वी केलेलं नसतं. तत्त्व एकच आहे: बाहेर जाणाऱ्या दोन वायरी २३० व्होल्टपासून पूर्ण सोडवायच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टच्या बाजूला जोडायच्या. वायर तीच, भिंतीतला पाइप तोच, फक्त तिच्यातून आता धोकादायक वीज जात नाही.

हे सोपं जाईल की अवघड, ते तुमच्या घरात फेज कुठून येतो यावर आहे. काही घरांत फेज आणि न्यूट्रल दोन्ही आतल्या बेलच्या पॉइंटपर्यंत येतात आणि तिथून दोन वायरी बाहेर बटणाला जातात. असं असेल तर नशीब. ट्रान्सफॉर्मर आत बेलच्या जागी किंवा जवळच्या बोर्डात बसवायचा, २३० व्होल्टच्या बाजूला फेज-न्यूट्रल, आणि दुसऱ्या बाजूला बाहेर जाणाऱ्या त्या दोन वायरी. पण फ्लॅटमध्ये बरेचदा वेगळं असतं. बाहेरच्या बॉक्समध्ये बेलच्या बटणाशेजारी पॅसेजच्या दिव्याचं बटण असतं आणि फेज तिथूनच उचललेला असतो. आतल्या बेलपासून बाहेर येणारी वायर मग एकच. अशा वेळी पाइपमधून स्प्रिंग टाकून दुसरी वायर ओढून घ्यावी लागते, आणि दिव्याचं बटण वेगळ्या बॉक्समध्ये हलवणं चांगलं. एकाच बॉक्समध्ये २३० व्होल्टचे जोड आणि १६ व्होल्टचे जोड एकमेकांना चिकटून ठेवू नयेत. एखादा जोड सुटला, दोन वायरी टेकल्या, की सगळी मेहनत पाण्यात.

वायर कोणती, हेही बघा. घरच्या वायरिंगची १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर काळजी नाही. दहा मीटर लांबीतही व्होल्टमध्ये नावाला फरक पडतो. कुणी टेलिफोनची बारीक तार टाकून बेल जोडली असेल तर ती बदला. ती तशीही तिथे नसायलाच हवी होती.

ट्रान्सफॉर्मर घेताना दोन आकडे महत्त्वाचे आहेत, व्होल्ट आणि व्हीए. व्होल्ट डोअरबेलच्या मर्यादेत हवेत. व्हीए म्हणजे तो किती भार उचलू शकतो. नेस्टसारख्या बेलला किमान १० व्हीए तरी लागतात. बाजारात एमसीबीच्या शेजारी पट्टीवर बसणारे बेल ट्रान्सफॉर्मर मिळतात, त्यांवर अनेकदा ८, १२ आणि २४ व्होल्ट असे तीन आउटपुट असतात. यातही एक गोम आहे. छोट्या ट्रान्सफॉर्मरवर भार नसेल तर तो लिहिलेल्यापेक्षा जास्त व्होल्ट देतो. २४ लिहिलेला मल्टिमीटरवर २७-२८ दाखवू शकतो, आणि बेलची मर्यादा २४ असेल तर ती खराब व्हायला हे पुरेसं आहे. १६ किंवा १८ व्होल्टचा, १५ ते ३० व्हीएचा मिळाला तर सगळ्यात चांगलं. जोडण्याआधी मोजून घ्यायला सांगा. आणि अमेरिकेच्या डब्यातून ट्रान्सफॉर्मरही सोबत आला असेल तर तो बाजूला ठेवा. तो १२० व्होल्टसाठी आहे, आपल्या २३० वर लावला तर धूर निघेल. एलईडी पट्टीचा १२ व्होल्टचा ड्रायव्हर आहे घरात, तोच लावतो, असंही वायरमन म्हणेल. तो डीसी देतो. बेलवर फक्त एसी लिहिलं असेल तर तो उपयोगाचा नाही.

काम सुरू करण्याआधी एमसीबी बंद करायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. इन्व्हर्टरचं भान मात्र राहत नाही. आपल्याकडे बेल, हॉलचा एक दिवा आणि एक पंखा इन्व्हर्टरवर टाकलेला असतो. मेन बंद केला की इन्व्हर्टर इमानेइतबारे चालू होतो आणि बेलच्या बटणात पुन्हा २३० व्होल्ट हजर. म्हणून मेनसोबत इन्व्हर्टरही बंद करा, त्याचं आउटपुट काढा, आणि मग टेस्टर लावा. टेस्टरही आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो ना ते बघा. बंद पडलेला टेस्टर पेटत नाही म्हणून वायरीत वीज नाही असं धरून चालणं, यातूनच अपघात होतात.

ट्रान्सफॉर्मर बसला की बाकीचं हलकं आहे. एसी असल्याने दोन वायरींत डावी-उजवी नसते, कुठलीही कुठल्याही स्क्रूला चालते. बेल जमिनीपासून साधारण चार फुटांवर बसवतात, म्हणजे माणसाचा चेहरा नीट येतो. आपला बटणाचा बॉक्स बहुतेक त्याच उंचीवर असतो, पण डोअरबेल अरुंद असल्याने बॉक्सचं तोंड उघडं राहतं. कोरी प्लेट घेऊन तिला मधोमध भोक पाडा आणि त्यावर बेल बसवा.

घरात जुनी बेल वाजेल का? बहुतेक नाही. ती २३० व्होल्टची आहे आणि नव्या यंत्रणेशी तिचं जुळत नाही. आत प्लगमध्ये बसणारा वायरलेस चाइम घ्यावा लागतो. काही कंपन्या चाइमशिवाय जोडताना मध्ये एक रेझिस्टर लावायला सांगतात. पुस्तिकेत तसं असेल तर ते टाळू नका. आपल्या कितीतरी घरांत 'अस्सलामु अलैकुम' म्हणणारी बेल आहे, आणि दादीला तिचीच सवय असते. ती काढायची गरज नाही. तिचं बटण थोडं बाजूला, वेगळ्या बॉक्समध्ये राहू द्या. नेट बंद पडलं तर तीच कामाला येते, म्हणून आम्ही तर ठेवाच म्हणू.

नेटचं म्हणाल तर, दार बंद करून बाहेर उभे राहा आणि मोबाइलवर वाय-फायचे दांडे बघा. लोखंडी सेफ्टी डोअर आणि जाड भिंत सिग्नल बराच खातात. बहुतेक डोअरबेल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राऊटर इन्व्हर्टरवर नसेल तर लाइट गेली की बेल आंधळी. कोकणातल्या पावसाळ्यात हे दिवसातून दोनदा होऊ शकतं.

आता ज्या गोष्टीबद्दल डब्यावर काहीच लिहिलेलं नसतं, ती. फ्लॅटमध्ये आपल्या दारासमोर शेजाऱ्याचं दार असतं, कधी चार फुटांवर. कॅमेरा तिकडे रोखलेला असेल तर त्यांच्या घरातल्या बायका दार उघडताना आपल्या मोबाइलवर दिसणार. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्यावी, सलाम करावा, हे सूरह नूरमधलं शिक्षण आपण लहानपणापासून ऐकतो, आणि हदीसमध्ये या परवानगीचा संबंध नजरेशीच जोडलेला आहे. कॅमेरा हीसुद्धा नजरच. अनेक अ‍ॅपमध्ये चित्राचा ठरावीक भाग काळा करण्याची सोय असते. शेजाऱ्याचं दार त्यात झाका. डब्यासोबत तिरकी पाचर मिळते, तिने बेल जिन्याकडे वळवता येते. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा. आणि बसवण्याआधी शेजाऱ्यांना व सोसायटीला सांगा. पॅसेज सगळ्यांचा आहे.

घरातल्यांचंही तेच. बेल गावी असते, मोबाइल मस्कतला. अम्मी कधी बाहेर गेल्या, वहिनीकडे कोण आलं, माहेरचं कोण किती वाजता निघालं, याची नोंद समुद्रापलीकडे कुणाच्या तरी हातात जाते. सुरक्षेसाठी लावलेली बेल हजेरी घेणारी होऊ शकते. घरात राहणाऱ्या बाईला विचारून ठरवा की अ‍ॅप कुणाकुणाच्या मोबाइलवर असेल. तिच्या मोबाइलवर ते सगळ्यात आधी हवं, कारण दार तिलाच उघडायचं आहे. हालचालीची प्रत्येक सूचना सगळ्यांना जायची गरज नाही. बटण दाबलं तरच सूचना, एवढं ठेवलं तरी काम भागतं. पासवर्ड नवा ठेवा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. वायरमनने त्याच्या मोबाइलवरून अ‍ॅप जोडून दिलं असेल तर बेल रिसेट करून आपल्या खात्यावर पुन्हा जोडा.

शेवटी सिलिकॉन. गावच्या घराला ओसरी नसेल तर बेलच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन भरून घ्या. खालची कड मोकळी सोडा, म्हणजे आत शिरलेलं पाणी तिथून निघून जाईल.