एअरोटर पुसून चालत नाही

डेंटल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला क्लिनिक लागतं आणि ऑटोक्लेव्हच्या खोलीपाशी आपापला ट्रे घेऊन ताटकळणं सुरू होतं. आतलं यंत्र म्हणजे दणकट प्रेशर कुकरच. लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये ते घडवलं. तत्त्व अजून तेच: दाबाखाली वाफ १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि पंधरा-वीस मिनिटांत चिवट बीजाणूंचाही निकाल लावते. १३४ अंशांना तीन-चार मिनिटं पुरतात.

पण वाफ जंतू मारते, भांडी घासत नाही. दात खरवडण्याच्या स्केलरच्या टोकाला रक्त सुकून बसलं असेल, तर त्याखाली ती पोचेलच असं नाही. म्हणून आधी जाड रबरी हातमोजे चढवून घासा, नाहीतर अल्ट्रासॉनिक सफाईयंत्रात टाका. मग धुवा, कोरडं करा, पाऊचमध्ये भरा. घाईत नेमकं हेच उरकलं जातं. पाऊच ओलंच बाहेर काढलं तर सगळी मेहनत पाण्यात, कारण ओल्या कागदातून जंतू पुन्हा आत शिरतात.

सगळ्यांत नाठाळ एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारं हे हत्यार थांबताना तोंडातली लाळ, रक्त आत ओढून घेऊ शकतं. तरी एके काळी दोन रुग्णांच्या मधे ते नुसतं पुसून वापरलं जाई. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या एका दंतवैद्याच्या रुग्णाला त्याच्याकडून एचआयव्हीची लागण झाली असावी, असं जाहीर झालं आणि अमेरिका हादरली. लागण कोणत्या वाटेने झाली ते कधीच उलगडलं नाही. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या १९९३ च्या सूचनांनी मात्र प्रत्येक रुग्णानंतर एअरोटर उष्णतेनेच निर्जंतुक करायला सांगितलं. आता एकच एअरोटर असलेल्या मुलाने सकाळभरात चार रुग्ण कसे उरकावेत, हे गणित ज्याचं त्याने सोडवायचं!

पाऊचवरची खूण काळी पडली की मुलं निर्धास्त होतात. ती खूण फक्त ‘तापलं होतं’ एवढंच सांगते. खरी परीक्षा आठवड्यातून एकदा: जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूच्या जिवंत बीजाणूंची कुपी यंत्रात फिरवून इनक्युबेटरमध्ये ठेवतात. नेहमीच्या वापरातल्या कुपीचा रंग जांभळाच राहिला तर यंत्र पास. पिवळा झाला तर बीजाणू जगले.

सरावासाठी मुलं उपटलेले दात बरणीत जमवतात. तेही ऑटोक्लेव्हमध्ये जातात, पण चांदी (म्हणजे पारा मिसळलेलं अमाल्गम) भरलेले नाहीत. तापल्यावर त्यातला पारा हवेत उतरतो. ते दात दोन आठवडे फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवायचे.