गोटूची उतरंड

२००८च्या डिसेंबरात लिनक्स कर्नलची २.६.२८ ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात ‘स्टेजिंग’ नावाचा नवा विभाग होता. घाईघाईत लिहिलेले ड्रायव्हर तिथे ठेवायचे, धुऊनपुसून घ्यायचे आणि मगच मुख्य कोडमध्ये न्यायचे, अशी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांची योजना. नवशिक्यांचीही सोय झाली. चेकपॅच ही स्क्रिप्ट चालवायची, ती बोट ठेवेल ते सुधारायचं, की पहिला पॅच तयार!

त्या सफाईने कोड देखणा झाला. वाचनीय झालाच असं नाही. रिअलटेकच्या वायफाय ड्रायव्हरांत रजिस्टरमध्ये लिहायचे नुसते आकडे रांगेने उभे असत. त्यांच्याभोवतीच्या स्पेस नीट झाल्या, पण चिपची माहितीपुस्तिका हाती नसताना त्या आकड्यांचा अर्थ कोण लावणार? ८० अक्षरांच्या मर्यादेपायी तर धडधाकट ओळी मोडल्या गेल्या. २०२०मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनीच त्या हट्टाविरुद्ध तोंड उघडलं आणि चेकपॅचची मर्यादा १००वर गेली.

खरी झटापट होती प्रोब फंक्शनमध्ये, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाशी जोडला जाताना धावणाऱ्या फंक्शनमध्ये. मेमरी घ्या, क्लॉक सुरू करा, इंटरप्ट मागा. तिसऱ्या पायरीवर बिनसलं तर आधीच्या दोन्ही उलट्या क्रमाने सोडा. त्यासाठी फंक्शनच्या तळाशी ‘गोटू’च्या लेबलांची उतरंड रचलेली असे. लांबलचक खरी, पण क्रम डोळ्यांसमोर. एक लेबल चुकलं की मात्र मेमरी गळालीच.

तेजुन हो यांनी २००७मध्येच यावर उतारा दिला होता: ‘डेव्हएम’. प्रोब फसलं किंवा ड्रायव्हर सुटला की घेतलेलं सगळं कर्नल स्वतःच उलट्या क्रमाने सोडतो. मग जुने ड्रायव्हर या पद्धतीवर आणणाऱ्या पॅचचा धडाका सुरू झाला. अर्धवट बदल मात्र अंगलट आले. इंटरप्ट डेव्हएमच्या हवाली केला, पण क्लॉक ड्रायव्हर सुटताना धावणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये हाताने बंद होतोय, असं समजा. आधी रिमूव्ह धावतं, इंटरप्ट त्यानंतर सुटतो. मधल्या क्षणी तो वाजला तर हँडलर क्लॉक बंद असलेल्या हार्डवेअरला हात घालतो. पॅच तपासणाऱ्याला गाळलेल्या ओळी दिसतात. बदललेला क्रम दिसत नाही.

२०२२च्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत लॉराँ पँशार यांनी दुखणं आणखी खोलवर दाखवलं. उपकरण उपसलं तरी एखाद्या प्रोग्रामने त्याची फाइल उघडी ठेवलेली असते, आणि डेव्हएमने मेमरी केव्हाच सोडून दिलेली!

तरीही ओढ ओळी कमी करण्याकडेच. २०२३मध्ये पीटर झाइल्स्ट्रा यांचं ‘गार्ड’ आलं: कंस संपला की कुलूप आपोआप उघडतं. इथे कर्नलच्या नेटवर्किंगवाल्यांनी पाय रोवले, आणि ते योग्यच केलं. त्यांच्या नियमांत २०हून अधिक ओळींच्या फंक्शनमध्ये गार्ड नको म्हटलंय. साधं लॉक-अनलॉक आजही किंचित पसंत. आणि दुसऱ्या कुठल्या कामाशी संबंध नसलेले किरकोळ सफाईचे पॅच? शक्यतो पाठवूच नका, असंही तिथे लिहिलेलं आहे.