चांदबिबीच्या आईचं राज्य

अहिल्यानगर शहराच्या पूर्वेला डोंगरावर दिसणाऱ्या तीन मजली अष्टकोनी इमारतीला आपण चांदबिबी महाल म्हणतो. प्रत्यक्षात ती निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीच्या नावाखाली नगरच्या इतिहासातली किती तरी माणसं झाकली गेली आहेत. खुद्द तिची आईसुद्धा.

गैरसमज: चांदबिबी नगरच्या बालराजाची आई होती, म्हणून कारभार तिच्याकडे आला.

वस्तुस्थिती: ती नगरची माहेरवाशीण. हुसेन निजामशहाची ही लेक विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा आंदणात सोलापूरचा किल्ला गेला. 1580 मध्ये नवरा मारला गेल्यावर तिने विजापुरात पुतण्याच्या नावाने कारभार पाहिला. 1595-96 मध्ये मोगलांच्या वेढ्यात ज्या बहादुरसाठी ती नगरचा भुईकोट किल्ला लढवत होती, तो तिच्या भावाचा नातू.

गैरसमज: नगरचा कारभार बाईच्या हाती आला तो तेव्हाच, पहिल्यांदा.

वस्तुस्थिती: त्याच्या तीस वर्षं आधी तो तिच्या आईच्या, खुंजा हुमायूनच्या हाती होता. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि काही महिन्यांतच हुसेन निजामशहा वारला. गादीवर त्यांचा कोवळ्या वयाचा मुलगा मुर्तजा बसला. दरबार आई चालवी, मोहिमेवर फौजेबरोबरही जाई. ऐनुल्मुल्क आणि ताजखान या सख्ख्या भावांना तिने सरदारांच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. म्हणजे राजाचे मामाच राज्याचे मातब्बर झाले. बाकीच्या सरदारांना हे खुपलं, आणि त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण दख्खनी, परदेशी आणि हबशी अशा तटांत विभागलेल्या दरबारात एका विधवेने विश्वास ठेवायचा तरी कोणावर? मला तिची निवड स्वाभाविक वाटते. 1569 च्या सुमारास सरदारांनी मुर्तजालाच आपल्या बाजूला वळवलं. मुलाच्या हुकमाने आईला कैद झाली आणि मामांना पळ काढावा लागला.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी या कवीचं ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित आहे. त्यात हुसेनच्या शेजारी बसलेली राणी बहुतेक चित्रांत रंग फासून मिटवलेली आहे. दासी जागच्या जागी, राजा जागच्या जागी, आणि राणीच्या जागी डाग. ही खाडाखोड तिच्या पाडावानंतरची, असं अभ्यासक मानतात.

गैरसमज: बाईने भाऊ चढवले, त्यातच निजामशाही बुडाली.

वस्तुस्थिती: मामा गेल्यानंतर, 1574 मध्ये, याच मुर्तजाने वऱ्हाड जिंकून घेतला. राज्य पोखरलं ते सरदारांच्या तटांनी. 1588 मध्ये मुर्तजाला पोटच्या मुलाने मारलं, आणि पुढच्याच वर्षी त्या मुलाचाही खून झाला. 1595 मध्ये गादीसाठी चार गट चार नावं घेऊन उभे होते, आणि त्यांतल्या मियाँ मंजूने मोगलांना स्वतःहून बोलावलं. या चारांत राजाचा मामा एकही नव्हता.

नगरला मामांची सत्ता काही वर्षांतच संपली. आजोळची सत्ता पिढ्यान् पिढ्या टिकते कशी, हे पाहायला कोरियाच्या गोरयो राज्यात जावं लागतं. तिथे इंजू यी हे एकच घराणं कित्येक राजांना मुली देत राहिलं. त्या घराण्यातला यी जा-ग्योम हा इंजोंग राजाच्या आईचा बाप. त्याने आपल्या आणखी दोन मुली या नातवालाच दिल्या आणि 1126 मध्ये बंडही केलं. नगरला असं घडलं नाही, कारण सुना विजापूरसारख्या शेजारच्या शाह्यांतूनही येत. मुली देऊन दरबारात मुळं धरावीत, असं एकच घराणं इथे तयार झालं नाही. पुढे हबशी सरदार मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला आपली मुलगी दिली खरी, पण त्याआधी हजारोंची फौज त्याने स्वतः उभी केली होती. राजाशी बिनसल्यावर 1610 मध्ये त्याने जावयाला विष घातलं, असं डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रूक याने लिहून ठेवलं आहे. त्यानंतरही 1626 पर्यंत, मरेपर्यंत, निजामशाही अंबरच चालवत होता.