आईवाचूनचे पिल्लू : लेखांक तिसरा

मागील लेखांकात आपण कुत्रीच्या बाळंतपणाचा विचार केला. आता त्या बाळंतिणीवाचून राहिलेल्या पिल्लाकडे वळू. पावसाळा सरता सरता माजावर आलेल्या गावकुत्र्या सुमारे 63 दिवसांच्या गर्भकाळानंतर बहुधा कार्तिक-मार्गशीर्षात वितात, आणि म्हणूनच सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची तयारी सुरू होते त्या सुमारास नवी पेठेतील दुकानांच्या पायऱ्यांखाली व बोळांच्या तोंडाशी पिल्लांची कुंईकुंई ऐकू येऊ लागते. अशा वेळी एखादा सहृदय गृहस्थ पिल्लू उचलून घरी नेतो. परंतु ते खरोखरच पोरके आहे काय, याची चौकशी करण्याची तसदी तो क्वचितच घेतो. अन्नाच्या शोधार्थ गेलेली कुत्री काही तासांनी परतत असते. पिल्लांची पोटे भरलेली असून ती एकमेकांस बिलगून निजलेली असतील, तर दुरून वाट पाहणे हाच पहिला उपचार. शहरातील पुष्कळशी पोरकी पिल्ले मृत्यूने नव्हे तर अनुकंपेने पोरकी केलेली असतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आई खरोखरच नाहीशी झाली असेल, तर पाळणाऱ्याचा हात प्रथम दुधाच्या भांड्याकडे जातो, आणि अनर्थास आरंभ होतो तो तेथेच. डोळे 10 ते 14 दिवसांनी उघडतात. ते मिटलेले असतील तर पिल्लाला स्वतःच्या देहाची उष्णता राखता येत नाही असे समजावे. पहिल्या आठवड्यात त्याचे तापमान जेमतेम 35 ते 36 अंश सेल्सियस असते, भोवतालची हवा 30 अंशांच्या आसपास लागते, आणि गारठलेल्या पिल्लाचे आतडे मंदावलेले असल्याने पाजलेले दूध पचतच नाही. तेव्हा आधी ऊब, मग दूध. सोलापुरी चादर थंडी अडविते, पण उष्णता निर्माण करीत नाही. ज्या अंगात ऊबच नाही ते पांघरुणाने कसे तापावे? टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्याच्या एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे नको वाटल्यास दूर सरकण्याची मुभा पिल्लास राहते. चैत्र-वैशाखात मात्र येथील पारा चाळिशी ओलांडत असल्याने बाटली सोडून सावलीचीच तजवीज करावी लागते.

दुधाविषयी आपल्याकडील वहिवाट सदोष आहे. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश सुमारे 9 टक्के व प्रथिने 7-8 टक्के असतात. गाईच्या दुधात ती दोन्ही निम्म्याहून कमी, आणि दुग्धशर्करा मात्र अधिक, म्हणून हगवण लागते. पंढरपुरी म्हशीचे दूध स्निग्धतेत पुष्कळ जवळ जाते, प्रथिनांत तेही उणेच. आणि ‘बाधू नये’ म्हणून त्यात पाणी घालणे म्हणजे उपासमारीला सौजन्याचे रूप देणे होय. पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर हाच इष्ट मार्ग. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीदेखील, पाजावे. आणि पिल्लू पालथेच धरावे, तान्ह्या मुलासारखे उताणे कदापि नव्हे, कारण दूध फुफ्फुसात उतरते. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने त्याची गुह्यांगे हळूवार पुसावीत. सुमारे तीन आठवडे त्याला आपण होऊन मलमूत्र विसर्जित करता येत नाही. आई हे काम जिभेने करते, आणि बाहेरील मनुष्य नेमके हेच विसरतो.

तिसऱ्या आठवड्यापासून दात येऊ लागतात, आणि चावण्याची मर्यादा शिकविण्याचे काम भावंडांकडे जाते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी 1965 च्या आपल्या ग्रंथात तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीस निर्णायक ठरविला. एकाकी वाढलेले पिल्लू पुढे माणसाच्या हातास खेळण्याप्रमाणे वागविते, त्याचे मूळ येथे आहे. आपल्याकडील 2017 च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लाची विक्री निषिद्ध केली. पायरीखालून पिल्लू उचलणाऱ्यास हा नियम लागू नसला, तरी शक्य तेथे भावंडांपैकी दोघांना एकत्र वाढवावे.

लस व जंतांचे औषध यांचा ऊहापोह पुढील लेखांकी करू. तूर्त इतकेच, की पूर्ववृत्त अज्ञात असलेल्या पिल्लाचा दात वा नख लागून रक्त आले, तर ते लहान आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी वैद्यांकडे जावे.